खडखड, खुळखुळ, थडथड

आमच्या काकांची पिकअप घरी येते ती आधी ऐकू येते आणि मग दिसते. पहाटे वेशीपाशी दारं वाजायला लागली की आजी "आला गं" म्हणून चहाचं आधण ठेवते. म्हणजे त्या आवाजाचा उपयोगही होता म्हणा! गाडी नऊ वर्षांची. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण करत रात्रीत वाशीचं मार्केट गाठायचं आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं, हा तिचा आयुष्यक्रम. अशा गाडीची दारं वाजणारच, असं सगळे धरून चालले होते.

मी थर्ड इयर मेकॅनिकलला. घरातली पहिली (होऊ घातलेली) इंजिनीअर. त्यामुळे हे काम कोणाच्या गळ्यात पडणार ते उघड होतं. ही दारं घरच्या घरी, कमी पैशात कशी शांत केली ते या लेखात सांगणार आहे. पण त्याआधी एकदा मी ती चुकीच्या पद्धतीने शांत केली होती. ते आधी सांगते, कारण तीच चूक करायचा मोह सगळ्यांत जास्त होतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी क्लीनर साइडचं दार तपासलं. तपासलं म्हणजे काय, उघडलं आणि बंद केलं. दाराभोवतीचं रबर, म्हणजे बीडिंग, चपटं झालेलं दिसलं. मग मी हार्डवेअरच्या दुकानातून जाड फोम-रबरची पट्टी आणली आणि जुन्या बीडिंगवरच चिकटवली. दार बंद करायला खांदा लावावा लागायचा, पण आवाज गायब! काकांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. मी दोन दिवस हवेत होते.

जानेवारीत एका रात्री माळशेज उतरताना उजव्या वळणावर ते दार उघडलं. माझा धाकटा चुलतभाऊ त्याच दाराला टेकून डुलक्या काढत होता. आदल्याच आठवड्यात काकांनी सीटबेल्टचा दंड भरला होता, म्हणून त्या दिवशी त्याला बेल्ट लावलेला होता. तो वाचला. त्याची एक चप्पल घाटात गेली.

काकांनी घरात कोणाला सांगितलं नाही. मला चार दिवसांनी फोन केला. "बाळा, तू लावलेलं ते रबर मी काढून टाकलं. दार पुरतं लागत नव्हतं." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

नेमकं काय झालं होतं? दाराच्या कडेला जे लॉक असतं, त्यात एक फिरणारी जीभ असते. दार लोटलं की ही जीभ खांबावरच्या कडीला, पुस्तकी भाषेत स्ट्रायकरला, मिठी मारते. ही मिठी दोन टप्प्यांत बसते. 'टक' झालं की अर्धं लॉक आणि आणखी आत गेल्यावर दुसरं 'टक' झालं की पूर्ण लॉक. अर्धं लॉक असतं ते कोणी दार नीट लावलं नाही तर ते लगेच उघडू नये म्हणून. ते चालवण्यासाठी नसतं. दोन्हींच्या ताकदीत किती फरक आहे ते बघा. यू.एन. रेग्युलेशन क्रमांक ११ या आंतरराष्ट्रीय नियमात पूर्ण लॉकने दाराच्या लांबीच्या दिशेने सुमारे ११,००० न्यूटन आणि बाहेर ओढणाऱ्या दिशेने सुमारे ९,००० न्यूटन बल सोसावं, अशी अपेक्षा आहे. अर्ध्या लॉकसाठी आकडा सुमारे ४,५०० न्यूटन. आणि हे नव्या कोऱ्या लॉकचे आकडे. आमच्या लॉकचा अर्धा दात नऊ वर्षं झिजलेला, आतल्या स्प्रिंगवर धुळीचं ग्रीस झालेलं. माझ्या जाड पट्टीमुळे दार दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचतच नव्हतं. पट्टीच्या दाबाने ते घट्ट वाटायचं, म्हणून वाजायचं नाही. आवाज बंद झाला तो दार दाबून धरल्यामुळे, लागल्यामुळे नव्हे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा त्या दारांपाशी बसले. या वेळी वही घेऊन.

आता थोडी थिअरी. घाबरू नका, डायनॅमिक्स ऑफ मशिनरीचं सबमिशन नाहीये. कुठलीही वस्तू वाजायला दोन गोष्टी लागतात : फट आणि हादरा. हादरा आपण बंद करू शकत नाही. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडलिंग करताना सेकंदाला साधारण २७ धक्के. एखादी सैल वस्तू नुसती टेकून पडलेली असेल, तर तिच्याखालचा आधार गुरुत्वत्वरणापेक्षा जोरात खाली गेला की ती हवेत सुटते आणि परत आपटते. गणित मांडून बघा. २७ हर्ट्झला त्यासाठी फक्त ०.३५ मिलिमीटर हलणं पुरतं! २,००० फेऱ्यांवर तर ०.०६ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. तेव्हा "मला तर काहीच सैल दिसत नाही" या वाक्याला काही अर्थ नाही. दिसणारच नाही.

दुसरी गोष्ट पिकअपची खास. भरलेली गाडी जाताना गप्प असते आणि रिकामी येताना बोंबलते, हे काकांना केव्हापासून माहीत होतं. का, ते मला गणितातून कळलं. मागचे पाटे टनभर मालासाठी बनवलेले असतात. वजन काढून घेतलं की तेच कडक पाटे हलक्या गाडीला चेंडूसारखं उडवतात. म्हणून दारं तपासायची तर रिकाम्या गाडीत तपासायची.

आता फट शोधायची कशी? इथे मला माझ्या कॉन्व्हेंटच्या शिक्षणाची पहिल्यांदा अडचण झाली. इंग्रजी पुस्तकात या आवाजांच्या तीन जाती दिल्यात : बझ, स्क्वीक आणि रॅटल. मी काकांना विचारलं, "आवाज कसला येतो?" तर ते म्हणाले, "ड्रायव्हर साइडला खड्ड्यात टक्क करतं, वर खुळखुळ आहेच, काच अर्धी केली की खडखड आणि तिकडचं दार थडथड करतं." मी वहीत चार शब्द लिहिले आणि बघते तर काय, चार आवाजांची चार कारणं निघाली. मला दहावीला मराठी सेकंड लँग्वेज होती, सांगायचा मुद्दा असा की हे माझं मला सुचलं नसतं.

तपासणी दोन भागांत करायची. आधी गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, इंजिन हळूहळू रेस करायचं. ठराविक रेसवर येतो आणि पुढे जातो तो आवाज इंजिनाच्या हादऱ्याचा. तो बहुधा पातळ वस्तूंचा असतो : पत्रा, आतलं पॅड, सळ्या. मग दुसऱ्या कोणाला तरी चालवायला बसवून खराब रस्त्यावर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने जायचं आणि आपण तळहाताने दाराचा एकेक भाग दाबत बसायचं. हात ठेवल्यावर आवाज थांबला की जागा सापडली. चालवणारा आणि दाबणारा एकच माणूस नको, हे काकूंनी सांगितलं.

सुरुवात 'टक्क' पासून, कारण बिजागरी सैल असेल तर बाकीची सगळी मापं चुकतात. दार अर्धं उघडायचं, मोकळ्या टोकाला खालून धरायचं आणि वर उचलून बघायचं. आमचं ड्रायव्हर साइडचं दार चांगलं तीन-चार मिलिमीटर उचललं गेलं. बिजागरीची पिन आणि बुश झिजून भोक लांबट झालेलं. दार असं लोंबलं की लॉक कडीवर खालच्या अंगाला आपटतं आणि लोक कडी खाली सरकवून मोकळे होतात. तसं करू नका. आम्ही दाराखाली फळी ठेवून जॅक लावला, पिना काढल्या, मी व्हर्नियरने मापं घेतली आणि पितळी बुश आमच्याच वर्कशॉपच्या लेथवर काढले. (फर्स्ट इयरला तोच लेथ मला शत्रू वाटायचा.) भोकं गोल करून द्यायचं काम मात्र आळेफाट्याच्या एका मिस्त्रींनी केलं, चहावर.

खुळखुळ शोधायला दाराचं आतलं पॅड काढावं लागतं. काच खालीवर करायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी एक क्लिप असते. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायला गेलात तर ती उडून गवतात जाते. त्याऐवजी एक फडकं हँडलच्या मागे घालून करवतीसारखं मागेपुढे ओढा, क्लिप सुटून येते. मग स्क्रू आणि प्लास्टिकच्या खुंट्या. आत एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडून टाकू नका. काचेच्या फटीतून आत शिरणारं पाणी तोच दाराच्या आत अडवून ठेवतो.

आत दिसतात त्या सळ्या. हँडलपासून लॉकपर्यंत आणि लॉकच्या खुंटीपासून लॉकपर्यंत जाणाऱ्या लांब बारीक सळ्या. त्यांना धरणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात आणि सळी पत्र्यावर नाचते. पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणा, बोटभर तुकडे उभे चिरा, सळीला जिथे पत्रा लागतो तिथे गुंडाळा आणि केबल टायने बांधा. सळी सरकली पाहिजे, आवळून टाकू नका. चिंधी गुंडाळू नका, ती पाणी धरते आणि सळी गंजते. पॅड लावायच्या आधी हँडल आणि लॉक दहा-दहा वेळा चालवून बघा. आमच्या दाराच्या तळाशी दोन नट, एक फणी आणि तीन गोट्याही सापडल्या. गोट्यांचा मालक लगेच हजर झाला. निम्मी खुळखुळ त्यांचीच होती.

दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी करून घ्या. माळशेजचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कारण सांगायला नको. काहीजण दारात फुगणारा फोम मारतात. आवाज जातो हे खरं, पण फोम पाणी धरून ठेवतो आणि दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा पापडासारखा होतो.

खडखड म्हणजे काच. काच ज्या खाचेतून सरकते तिथलं लोकरीसारखं अस्तर झिजतं. ही चॅनल-पट्टी स्पेअर पार्टच्या दुकानात फुटावर मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी दाबून बसवायची. काचेच्या खालच्या पट्टीचे बोल्टही आवळून घ्या. रबराला ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही, त्याने बरीचशी रबरं फुगतात आणि मऊ पडतात. सिलिकॉनचा स्प्रे मारायचा. कोरडं रबर पत्र्याला घासून जी कुरकुर होते तीसुद्धा याच स्प्रेने थांबते.

पॅडची झिणझिण हा किरकोळ प्रकार आहे, खुंट्यांच्या मागे फोम टेपचे तुकडे लावले की झालं. पत्राच मोठा ढोल झाला असेल तर आतून मधोमध डांबरी शीटचा तुकडा चिकटवतात. आम्हाला ती गरज पडली नाही.

राहिली थडथड, जिने मला धडा दिला. दार बंद करून बाहेरून हँडलजवळ तळहाताने दाबा. दार आतबाहेर हलत असेल तर लॉक आणि बीडिंग यांच्यातली ओढाताण संपलीय असं समजा. निरोगी दाराला बीडिंग बाहेर ढकलत असतं आणि लॉक आत ओढत असतं, दोघांच्या मध्ये दार ताणलेलं राहतं. म्हणून ते वाजत नाही. ताडपत्री बांधायला चढणारी मुलं नेमकी त्याच उंबऱ्यावर पाय देऊन चढायची, त्यामुळे आमच्या क्लीनर साइडचं बीडिंग चपटं झालं होतं. त्याला उपाय एकच, त्याच मापाचं नवं बीडिंग. जुन्यावर नवं चढवायचं नाही!

कागदाची परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राची पट्टी दाराच्या फटीत ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. चारी बाजूंना ती थोडी अडखळत यायला हवी. कुठे सुळकन निघाली तर तिथे दाब नाही. बीडिंग नवं असूनही मागच्या कडेला पट्टी सैल निघाली, तर आणि तरच कडीला हात लावायचा. आधी पेन्सिलने तिच्याभोवती रेघ मारून ठेवा, म्हणजे परत यायची वाट राहते. स्क्रू फक्त सैल करा, दोन्ही काढू नका, कारण मागची नटांची पट्टी खांबाच्या पोकळीत पडू शकते. स्क्रूच्या खाचेत चपखल बसणारा बिट वापरा. कडी एका वेळी एकच मिलिमीटर आत सरकवा, आवळा, दार लावून बघा. आमचं काम दोन मिलिमीटरमध्ये झालं. कडीवरचं प्लास्टिक झिजून लोखंड उघडं पडलं होतं, त्यावर हिट-श्रिंक ट्यूबचा एकच थर चढवला. दोन थर नाही. जाडी वाढली की जीभ पुरती फिरत नाही आणि आपण पुन्हा माळशेजच्या त्या वळणावर येतो.

शेवटी दोन 'टक' मोजायचे. दार उघडं असताना लॉकची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून दोन्ही टप्पे ऐकून घ्या, म्हणजे कानाला सवय होते. नंतर हँडल ओढून जीभ परत मोकळी करा. विसरलात तर बंद जीभ कडीवर आपटते आणि लॉकच तुटतं. मग दार हळूहळू लोटून दोन आवाज येतात का बघा. दाराची मागची कड केबिनच्या पत्र्याशी सपाट यायला हवी, वर आलेली असेल तर लॉक अर्धंच आहे. नव्या बीडिंगने पहिले काही दिवस दार जड लागतं, ते चालेल. खांदा लावावा लागला तर चालणार नाही. आणि मिठी मारल्यावरही लॉकच डुगडुगत असेल, स्प्रिंग मेलेली असेल, तर पैसे वाचवू नका, लॉक बदला. आमचं लॉक काकांनी फेब्रुवारीतच बदललं होतं, मला न विचारता.

खर्चाचा हिशेब मागणारे असतीलच. बीडिंग ४५०, सिलिकॉन स्प्रे २८०, काचेच्या पट्ट्या २४०, बुशसाठी पितळ १५०, फोम टेप ८०, केबल टाय ६०, हिट-श्रिंक ३०, सायकलच्या ट्यूबा २०. एकूण १,३१० रुपये आणि अडीच दिवस. लॉकचे पैसे काकांनी सांगितले नाहीत.

चुलतभाऊ आता गाडीत बसला की दार लावून आतून दोनदा ढकलून बघतो आणि मोठ्याने "टक, टक" म्हणतो. माझ्याकडे बघत म्हणतो, हे विशेष. आजीला मात्र गाडी आल्याचं कळत नाही, चहा उशिरा होतो.

पहिल्या रिकाम्या फेरीहून आल्यावर काका बराच वेळ गाडीपाशी उभे होते. म्हणाले, मागच्या डाव्या चाकातून घरघर येते, दारांच्या आवाजात आजवर ऐकूच आली नव्हती. जॅक लावून चाक फिरवलं तर बेअरिंग गेलेलं. ते १,३१० मध्ये धरलेलं नाही.